वर्डप्रेसचा डॅशबोर्ड प्लगिन्सनी भरून गेलाय, रोज बातम्या टाकणाऱ्यांसाठी तो सुटसुटीत कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तालुक्याच्या साप्ताहिकाची साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, काही वर्षांत तिच्यावर तीसेक प्लगिन्स (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) साठलेत, ऑफिसातले तिघं-चौघं एकाच ॲडमिन लॉगिनने रोज बातम्या टाकतात, त्यांना डॅशबोर्डच्या, म्हणजे लॉगिननंतर दिसणाऱ्या कामाच्या स्क्रीनच्या, डावीकडच्या लांबलचक मेन्यूत 'पोस्ट्स' (बातम्यांची यादी) सापडत नाही, वर पिवळ्या-निळ्या पट्ट्या, बातमीखाली एसईओचे (गुगलमध्ये बातमी नीट सापडावी यासाठीचे) डबे, आणि हे सगळं लपवणारं एखादं चांगलं प्लगिन हवंय. प्लगिन सांगतो, पण ते शेवटचं काम आहे. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही जाता जाता लिहिलाय, 'एकाच ॲडमिन लॉगिनने'. पसाऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग तिथूनच येतोय आणि तो घालवायला काहीही बसवावं लागत नाही.

आधी हा पसारा होतो कसा ते बघा, म्हणजे पुढची कामं कुठल्या क्रमाने करायची ते लक्षात येईल. डाव्या बाजूचा उभा मेन्यू वर्डप्रेसमध्ये २००८ च्या डिसेंबरात २.७ आवृत्तीत आला आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. कुठलंही प्लगिन त्यात स्वतःचा मुख्य आयटम टाकू शकतं, आणि तो कितव्या नंबरवर यावा तेही प्लगिनच ठरवतं. वर्डप्रेसचे स्वतःचे आयटम ठरलेल्या नंबरवर बसतात, डॅशबोर्ड २ वर, पोस्ट्स ५, मीडिया १०, पेजेस २०, कॉमेंट्स २५, मग ६० पासून पुढे अपिअरन्स, प्लगिन्स, युजर्स, टूल्स, सेटिंग्ज. मधल्या जागा मोकळ्या असतात म्हणून प्लगिनवाले मध्येच घुसतात, काही तर थेट डॅशबोर्डच्या खाली, पोस्ट्सच्याही वर बसतात. ज्या गोष्टीचं सेटिंग वर्षातून एकदा बघायचं तिला 'सेटिंग्ज'च्या आत एक ओळ पुरली असती, पण तिथं ती कुणाला दिसत नाही, आणि प्लगिनची पैसेवाली आवृत्ती विकायची असेल तर दिसायला तर हवं. हे समजून घ्यायचं, कारण तुमच्या ऑफिसातल्या माणसांना 'आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही' असं वाटत असतं आणि ते खरं नसतं, त्यांच्यासमोर ठेवलेली स्क्रीन त्यांच्या कामासाठी मांडलेलीच नाहीये.

आता काम. पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. बातमी टाकणाऱ्या माणसाच्या शेजारी बसा आणि तो काय करतो ते नुसतं बघा, मध्ये बोलू नका, माउस हातात घेऊ नका. कुठल्या स्क्रीनवर जातो, कुठे थांबतो, काय शोधतो, कशावर चुकून क्लिक होतं ते कागदावर लिहा. साप्ताहिकाच्या साइटवर रोजची कामं फार तर सात-आठ निघतील: नवीन बातमी, जुनी बातमी दुरुस्त करणं, फोटो चढवणं, विभाग निवडणं, कॉमेंट मंजूर करणं, ई-पेपरची पीडीएफ टाकणं, जाहिरातीचं बॅनर बदलणं. एवढंच. ही यादी हातात असल्याशिवाय 'काय लपवू' या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि यादी झाली की तो प्रश्न उलटा होतो, 'काय ठेवू' असा, आणि तो खूप सोपा आहे.

मग रोल, म्हणजे कुणाला काय करता येईल ते ठरवणारे परवानग्यांचे संच. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळं इथेच आहे. वर्डप्रेस पाच रोल देतं: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर, सबस्क्रायबर. बहुतेक प्लगिन्सचे सेटिंगवाले मेन्यू 'मॅनेज ऑप्शन्स' नावाच्या परवानगीला बांधलेले असतात आणि ती परवानगी फक्त ॲडमिनिस्ट्रेटरकडे असते. म्हणजे त्याच माणसाला एडिटरचं वेगळं लॉगिन दिलंत की कॅशे (पानं वेगात दाखवण्याची सोय), बॅकअप, सिक्युरिटी, एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची सोय), थीमचे (साइटच्या दिसण्याचे) पर्याय हे सगळं एका झटक्यात गायब, एकही ओळ कोड न लिहिता. शिवाय ते खरोखर बंद होतं, नुसतं दिसेनासं नाही होत, आणि हा फरक फार मोठा आहे, त्यावर पुढे येतो.

कुणाला काय द्यायचं? जो बातम्या तपासून लावतो त्याला एडिटर, तो कॉमेंट, विभाग, पेजेस, दुसऱ्यांच्या बातम्या सगळं बघू शकतो. वार्ताहरांना ऑथर किंवा कॉन्ट्रिब्युटर, पण या दोन्हींत काही खाचखळगे आहेत जे पहिल्याच आठवड्यात अडतात म्हणून आधीच सांगतो. कॉन्ट्रिब्युटर बातमी लिहून तपासायला पाठवू शकतो पण त्याला फोटो चढवता येत नाही, आणि बातमी एकदा प्रसिद्ध झाली की स्वतःचीच बातमी दुरुस्तही करता येत नाही. गावागावातून फोटोसकट बातमी पाठवणाऱ्या माणसाला हे चालणारच नाही. ऑथरला फोटो चढवता येतात पण तो थेट प्रसिद्धही करू शकतो, आणि संपादकांना ते नको असतं. म्हणून बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रिब्युटरच्या नमुन्यावर 'वार्ताहर' नावाचा नवा रोल करायचा आणि त्याला फक्त फाइल चढवायची परवानगी जोडायची. मेंबर्स किंवा युजर रोल एडिटर यातलं कुठलंही एक प्लगिन वापरून हे पटकन होतं. आणखी एक, ऑथर आणि त्याखालच्या रोलनी यूट्यूबचा आयफ्रेमवाला (व्हिडिओ पानात बसवायचा) कोड पेस्ट केला तर सेव्ह करताना वर्डप्रेस तो काढून टाकतं, कारण अनफिल्टर्ड एचटीएमएलची (कुठलाही कोड न गाळता टाकण्याची) परवानगी त्यांना नसते. मग फोन येतो की व्हिडिओ दिसत नाही. त्यांना सांगा की नुसती व्हिडिओची लिंक वेगळ्या ओळीत पेस्ट करा, ती आपोआप एम्बेड होते, म्हणजे तिथेच व्हिडिओ दिसतो.

वेगळ्या लॉगिनचा दुसरा फायदा असा की स्क्रीनची मांडणी प्रत्येक युजरच्या नावावर सेव्ह होते. वर उजवीकडे 'स्क्रीन ऑप्शन्स' नावाची छोटी टॅब असते, कितीतरी लोकांनी ती कधी उघडलेलीच नसते, तिथून यादीतले कॉलम, डॅशबोर्डवरचे डबे, एका पानावर किती बातम्या दिसाव्यात हे सगळं ठरवता येतं. चौघं एकाच लॉगिनवर असतील तर एकाने लावलेलं दुसरा मोडतो आणि मग 'माझं आपोआप बदलतं' अशी तक्रार येते. भाषेचंही तसंच, २०१६ मध्ये ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक युजरला आपल्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा वेगळी निवडता येते, तेव्हा ज्याला मराठी हवं त्याला मराठी आणि ज्याला इंग्रजीची सवय आहे त्याला इंग्रजी. फक्त हे लक्षात ठेवा की वर्डप्रेस मराठीत दिसलं तरी बऱ्याच प्लगिन्सचा अनुवाद अर्धवट असतो, तिथं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी दिसेल, आणि काही लोकांना त्यानेच जास्त गोंधळायला होतं. त्यांना विचारून ठरवा.

रोल लावून झाले की तुमच्या ॲडमिन लॉगिनमधून त्यांची स्क्रीन बघता आली पाहिजे. त्यासाठी युजर स्विचिंग नावाचं प्लगिन आहे, एका क्लिकवर त्या युजरच्या जागी जाता येतं आणि परतही येता येतं, पासवर्ड मागावा लागत नाही. हे एक प्लगिन मी वाढवायला सांगेन, कारण ॲडमिन म्हणून बघताना तुम्हाला त्यांचा डॅशबोर्ड कधीच कळत नाही.

यानंतर प्लगिन्सची झाडाझडती. तीस आकडा स्वतःहून वाईट नसतो, प्रश्न असा की प्रत्येक प्लगिन नेमकं कशासाठी आहे हे कुणाला सांगता येतंय का. एका शीटमध्ये नाव, काम, कुणी मागितलं, कुठल्या पानावर दिसतं असे रकाने करा आणि भरत जा. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे शंका घ्यायची. जुन्या साइट्सवर नेहमी सापडणारे प्रकार सांगतो: दोन एसईओ प्लगिन्स एकाच वेळी चालू (बातमीखालचे तुमचे दोन-तीन डबे बहुधा यातूनच आलेत), पेज बिल्डरची (माउसने पानाची मांडणी करायच्या प्लगिनची) दोन-तीन ॲड-ऑन पॅकेजेस ज्यातला एकच विजेट वापरात आहे, सोशल शेअरची बटणं जी थीममध्येही आहेत, एकदाच डेटा आणण्यासाठी बसवलेलं इम्पोर्टचं प्लगिन, आणि कधीतरी निवडणुकीच्या निकालासाठी बसवलेला टेबल किंवा काउंटर. ही काढायची. पण आंधळेपणाने नाही. आधी पूर्ण बॅकअप, मग शक्य असेल तर स्टेजिंग कॉपीवर (साइटच्या चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवर) करून बघा, बऱ्याच होस्टिंगवाल्यांच्या पॅनेलमध्ये ती सोय असते. ज्या प्लगिनने शॉर्टकोड (बातमीत चौकटी कंसात लिहायची खूण, जिच्या जागी प्लगिन आपला मजकूर दाखवतं) दिलेत ते काढलं की जुन्या बातम्यांत चौकटी कंसातला मजकूर उघडा पडतो, तेव्हा काढण्याआधी त्या शॉर्टकोडचं नाव पोस्ट्सच्या सर्चमध्ये टाकून किती बातम्यांत आहे ते बघून घ्या. दोन एसईओ प्लगिन्सपैकी एक काढताना त्यातली शीर्षकं आणि वर्णनं दुसऱ्यात आयात करून घ्या, मोठ्या प्लगिन्समध्ये ती सोय असते, नाहीतर लोकांनी वर्षानुवर्षं भरलेलं वाया जाईल.

डिॲक्टिव्हेट करून ठेवणं आणि डिलीट करणं यातही फरक आहे. नुसतं डिॲक्टिव्हेट केलेलं प्लगिन मेन्यूतून जातं पण त्याची फाइल सर्व्हरवर राहते, अपडेट मागत राहते आणि त्यात सुरक्षेचं भोक निघालं तर तेही तसंच राहतं. काही दिवस बंद ठेवून कुणाचं काही अडलं नाही असं दिसलं की डिलीट करा. त्यानंतरही डेटाबेसमधल्या ऑप्शन्सच्या (सेटिंग्जच्या) टेबलात त्याच्या नोंदी उरू शकतात, कारण साफसफाई करायची की नाही हे ज्याने प्लगिन लिहिलं त्याच्यावर असतं. त्यातल्या ऑटोलोड होणाऱ्या नोंदी साइटच्या प्रत्येक पानासोबत, डॅशबोर्डच्याही, उचलल्या जातात. २०२४ च्या ६.६ आवृत्तीपासून टूल्समधल्या साइट हेल्थमध्ये ही तपासणी आलीये, ऑटोलोडचा डेटा साधारण ८०० केबीच्या वर गेला की ते सांगतं. तुमच्याकडे तसं दिसलं तर डेटाबेस समजणाऱ्या माणसाकडून साफ करून घ्या, स्वतः टेबलात हात घालू नका.

आता त्या पट्ट्या. तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग यांचाच असणार. वर्डप्रेसमध्ये नोटीस दाखवायला एक हुक (प्लगिनने आपला कोड जोडायची जागा) आहे आणि त्यावर कुठलंही प्लगिन काहीही छापू शकतं, कुठल्याही स्क्रीनवर. कोण महत्त्वाचं, कोण बिनमहत्त्वाचं हे ठरवणारी मध्ये कुणीच व्यवस्था नाही, म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीसारखं, गाडी रद्द झाल्याची सूचना आणि क्लासची जाहिरात शेजारीशेजारी. वर्डप्रेसच्या प्लगिन डिरेक्टरीचे १८ नियम आहेत, त्यातला अकरावा नियम याच विषयाचा आहे, की प्लगिनने ॲडमिन डॅशबोर्ड बळकावू नये, सगळीकडे दिसणाऱ्या नोटिसा बंद करता आल्या पाहिजेत किंवा काम झालं की आपोआप गेल्या पाहिजेत. नियम चांगला आहे, पण डिरेक्टरीच्या बाहेरून घेतलेल्या प्लगिन्सना तो लागूच नाही, आणि थीमसोबत झिपमधून आलेली प्लगिन्स तर बहुतेक बाहेरचीच असतात.

'फुली मारली तरी परत येते' याचं कारणही सोपं आहे. फुलीवर क्लिक केलं की वर्डप्रेस ती पट्टी फक्त त्या वेळी ब्राउझरमधून काढतं, ती कायमची बंद झाली हे लक्षात ठेवायचं काम प्लगिनने स्वतः करायचं असतं, आणि काही जण ते करत नाहीत किंवा ठरावीक दिवसांनी मुद्दाम परत दाखवतात. दुसरं, पान उघडताना या पट्ट्या आधी एका जागी छापल्या जातात आणि मग जावास्क्रिप्ट त्यांना शीर्षकाखाली सरकवतं, म्हणून यादी एकदम खाली उडी मारते आणि तुमचा माणूस 'एडिट'वर क्लिक करायला जातो ते भलतीकडेच लागतं. तो हळू आहे म्हणून नाही, पान त्याच्या बोटाखालून सरकतं म्हणून.

पण सगळ्या नोटिसा एका फटक्यात बंद करू नका, विशेषतः सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) सगळ्यांना 'डिस्प्ले नन' (दाखवू नको) लावायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. त्या पट्ट्यांमध्येच 'डेटाबेस अपडेट करा', 'पीएचपीची आवृत्ती जुनी आहे', 'बॅकअप झाला नाही' हे पण असतं, आणि लाल पट्टीत बातमी सेव्ह करताना आलेली चूकही दिसू शकते. एक दिवस बसा आणि ॲडमिन लॉगिनमधली प्रत्येक नोटीस वाचा. ज्यात काहीतरी करायचंय ते करून टाका, परवाना संपलाय तर नूतनीकरण करा किंवा ते प्लगिन काढा, सेटअप विझार्ड अर्धवट आहे तर पूर्ण करा किंवा 'स्किप' दाबा. निम्म्या पट्ट्या यातच जातात. रेटिंग द्या, प्रो घ्या, सेल चालू आहे वगैरे उरतील, ते त्या त्या प्लगिनच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं का बघा. आणि मग एडिटर व वार्ताहर यांच्यासाठी, फक्त त्यांच्यासाठी, लाल आणि हिरव्या सोडून बाकीच्या नोटिसा काढायच्या. लाल म्हणजे चूक, हिरवी म्हणजे 'बातमी सेव्ह झाली', या दोन्ही त्यांना लागतात. ॲडमिनला मात्र सगळं दिसलं पाहिजे, आणि ॲडमिन म्हणून रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बघितलं पाहिजे, ते कोण हे नाव घेऊन ठरवा.

डॅशबोर्डच्या पहिल्या पानाबद्दल फार वेळ घालवायची गरज नाही. बातमी टाकणाऱ्याला ते पान लागतच नाही, लॉगिन झाल्या झाल्या त्याला थेट पोस्ट्सच्या यादीवर न्या, त्यासाठी वर्डप्रेसमध्ये लॉगिन रीडायरेक्टचा फिल्टर (कोडने वागणं बदलायची सोय) आहे, चार ओळींचं काम. तुमच्या स्वतःसाठी पहिलं पान ठेवायचं असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या, स्क्रीन ऑप्शन्समधून डब्यावरची टिक काढली की तो दिसत नाही पण पडद्याआड तयार होतच असतो, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून आकडे आणणारा जड डबा लपवला तरी पान हळूच राहतं. तो खरंच थांबवायचा तर प्लगिनच्या सेटिंगमधून किंवा कोडने तो डबा (मेटा बॉक्स) काढून टाकावा लागतो. बातम्यांच्या यादीतले एसईओ स्कोअर, वाचनीयता, व्ह्यूज वगैरे कॉलमही तसेच, लपवलेले असले तरी प्रत्येक ओळीसाठी ते बनतातच. यादी उघडायला वेळ लागत असेल तर क्वेरी मॉनिटर हे प्लगिन बसवून बघा, कुठलं प्लगिन किती क्वेरी (डेटाबेसकडे विचारणा) मारतंय ते नावासकट दिसतं, काम झालं की बंद करा.

बातमी लिहायच्या स्क्रीनवर, म्हणजे २०१८ मध्ये ५.० सोबत आलेल्या ब्लॉक एडिटरमध्ये, उजवीकडच्या तीन टिंबांत 'प्रेफरन्सेस' आहे, तिथून नको ते पॅनेल बंद करता येतात. वार्ताहराला विभाग, टॅग, मुख्य फोटो एवढं पुरतं. एसईओचा डबा फक्त एडिटरला ठेवा, शीर्षक आणि वर्णन एकाच माणसाने बघितलेलं बरं असतं.

इतकं झाल्यावरही जे उरतं त्यासाठी तुम्ही मागितलेलं प्लगिन. ॲडमिन मेन्यू एडिटरने मेन्यूचा क्रम बदलता येतो, आयटम लपवता येतात, ॲडमिनिमाइझमध्ये रोलप्रमाणे काय दिसावं ते टिक करता येतं. दोन्हीपैकी एकच घ्या. कोड लिहिणारा माणूस जवळ असेल तर मी म्हणेन प्लगिनही नको, तो एक छोटी फाइल लिहून वर्डप्रेसच्या 'एमयू-प्लगिन्स' फोल्डरमध्ये ठेवू शकतो, तिथलं आपोआप चालू असतं आणि कुणाच्या हातून डॅशबोर्डमधून बंद होत नाही. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये हे टाकू नका, थीम बदलली की सगळा पसारा परत.

आणि मघाशी म्हटलेला तो फरक: मेन्यूतून आयटम काढला म्हणजे ते पान बंद झालं असं नाही. ज्याच्याकडे परवानगी आहे तो पत्ता टाइप करून किंवा जुन्या बुकमार्कवरून तिथे पोचतोच. कुलूप हवं असेल तर रोलची परवानगीच काढावी लागते, मेन्यू लपवणं फक्त डोळ्यांना मोकळं करण्यासाठी. म्हणून मी रोल आधी आणि लपवणं शेवटी सांगितलं.

मेन्यू मांडताना वर पोस्ट्स, मीडिया, कॉमेंट्स, ई-पेपर, जाहिराती असा तुमच्या त्या कागदावरच्या यादीचा क्रम ठेवा. नावं मात्र फार बदलू नका, 'मीडिया'चं 'फोटो भांडार' केलंत तर उद्या नवीन मुलगा यूट्यूबवर बघून काहीतरी करायला जाईल आणि त्याला ते सापडणार नाही. आयटमची जागाही एकदा ठरली की हलवू नका, रोज काम करणाऱ्याचा हात जागेवर जातो, वाचून नाही.

पसारा पुन्हा साठू नये म्हणून ॲडमिन लॉगिन दोघांकडेच ठेवा, एक तुमचं आणि एक तांत्रिक बघणाऱ्याचं, आणि तीही वेगवेगळी. नवीन प्लगिन आधी स्टेजिंगवर बसवून वार्ताहराच्या लॉगिनमधून काय काय नवीन दिसतंय ते बघा, मगच साइटवर. काही प्लगिन्स आपला मेन्यू 'पोस्ट लिहू शकणाऱ्या' प्रत्येकाला दाखवतात, ती अशीच पकडली जातात.

पेज बिल्डर कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते कळवा, कारण एलिमेंटर असेल तर त्यात रोल मॅनेजर वेगळा आहे आणि बातमीच्या यादीत दिसणारं त्याचं एडिटचं बटण वार्ताहरांसाठी तिथूनच बंद करावं लागेल. जाहिरातीची बॅनरं बिल्डरमधून टाकताय की वेगळ्या प्लगिनमधून तेही सांगा, बॅनर बदलणाऱ्या माणसाला कुठला रोल द्यायचा ते त्यावर ठरेल.